ओट्याखालच्या बाटलीची कबुली

मी एक जुनी बाटली आहे. मित्रांनो, बाटली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सरबताची नाहीतर औषधाची बाटली आली असेल. मी त्यातली नव्हे. माझ्यात कुणी पिण्यासारखं काही कधी भरलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, सिंकच्या बुडाला लटकून मी उभं आयुष्य काढलं. प्लंबर लोक मला बाटलीच म्हणतात. वरून खरकटं पाणी माझ्यात पडतं आणि बाजूच्या पाईपातून भिंतीपलीकडे जातं. जाताना ओंजळभर पाणी माझ्या पोटात राहतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. माझ्या तळाला एक वाटी असते. ती आट्यांवर फिरवून काढली की पोटातला गाळ साफ करता येतो. ही वाटी लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथेच घडणार आहे.

हल्ली मी भोरमधल्या एका घराच्या पोटमाळ्यावर पडून असते. माझ्याशेजारी पत्र्याचा एक रिकामा डबा आहे. त्याची माझी जुनी ओळख आहे, पण मी त्याच्याशी बोलत नाही. तोही माझ्याशी बोलत नाही. एकाच गुन्ह्यातले दोघे एकमेकांकडे बघायचं टाळतात, तसं आमचं आहे.

आत्मवृत्त सांगायला बसलं की जो तो आपण लोकांसाठी किती झिजलो तेच सांगतो. झिजले मीही. पण त्याचं कौतुक ऐकायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. माझ्यामुळे एका मुलीचा हात भाजला. माझा काय इलाज होता, असं म्हणून मी पुष्कळ वर्षं मनाची समजूत घातली. ती मला पटत नाही, म्हणून सांगते आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरंशुभ्र प्लास्टिक, करकरीत आटे, काळ्या रबराचा नवा वायसर. टेम्पोत बसून हमरस्त्यानं कापूरहोळपर्यंत आणि तिथून वळून भोरला आले. बाजारपेठेतल्या एका दुकानात बिजागऱ्या आणि नायलॉनच्या दोरांमध्ये सहा महिने लटकले. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली आंबवड्याचा सावळाराम प्लंबर आला, त्यानं माझी वाटी दोनदा फिरवून बघितली, 'आटे चांगले हाईत' म्हणाला आणि मला पिशवीत टाकलं. आयुष्यात माझी ती पहिली तारीफ.

घर गुलजारबीचं होतं. तिचा नवरा हाफिजभाई कल्हईवाला. सायकलला भाता बांधून तो सगळं वेल्ह्याचं खोरं पालथं घालायचा आणि गावोगावची तांब्या-पितळेची भांडी आतून चांदीसारखी करून द्यायचा. मी त्याला बघितलं नाही, माझ्या आधी दोन वर्षं तो गेला. मुलगा इरफान. त्याचं कापूरहोळला टायर-पंक्चरचं दुकान होतं. सकाळच्या एसटीनं जायचा, संध्याकाळी परत यायचा. त्याची बायको मेहनाज. तिचं माहेर वरवे बुद्रुक. लग्नात तिनं पायमशीन आणलं होतं आणि त्यावर ती आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. हात असा सफाईदार की बायका पुण्याची शिलाई सोडून तिच्याकडे यायच्या.

गुलजारबीनं जन्मभर मोरीत उकिडवं बसून भांडी घासली होती. तिचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा इरफाननं उभ्याचा ओटा बांधला आणि स्टीलचं सिंक बसवलं. त्या आळीतलं ते पहिलं सिंक. बायका बघायला यायच्या. शेजारची रतनबाई तर गालावर हात ठेवून म्हणाली, "अगं बया! उभ्यानं भांडी घासायची? मंग आता बसायचं कवा?" गुलजारबी नळ सोडून दाखवायची आणि खाली वाकून माझ्याकडे बोट करायची. "ही बाटली. वास वर येऊ देत न्हाई." मला काय ऐट चढायची, काय सांगू!

जाताना सावळारामनं मात्र एक बजावलं होतं. "भाभी, ह्यात राख जाऊ देऊ नगा. मोरीचं गटार उघडं असतंय, ह्यो पाईप अडीच बोटांचा. राख बसली की निघायची न्हाई."

आता इथे खरी मेख आहे, मित्रांनो. गुलजारबीचा राखेशिवाय जीव रमत नव्हता. परसात अंघोळीच्या पाण्याचा बंब होता. त्याची राख ती फडक्यातून चाळून घ्यायची आणि नारळाच्या शेंडीनं भांडी घासायची. तांब्याच्या डेगचीला बाहेरून चिंच आणि राख. कल्हईवाल्याच्या घरची भांडी म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी. हाफिजभाई असताना माणसं दारात उभी राहून आधी तिची डेगची बघायची, मग आपली भांडी टाकायची. ती चकाकी तिच्या हातची होती. इरफाननं आणलेली साबणाची भुकटी तिनं नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"अम्मा, सिंकात राख न्हाई हां," इरफान म्हणाला. "जबान दे मला."

"दिली बाबा," ती म्हणाली.

दीड महिना तिनं शब्द पाळला. मग एका दुपारी मेहनाज पलीकडच्या खोलीत मशीनवर बसली असताना गुलजारबीनं परसातून राखेची करवंटी आणली. मशीन चालू असेपर्यंत ती घासायची. मशीन थांबलं की तिचा हात थांबायचा. पुन्हा खडखड सुरू झाली की पुन्हा खसखस. अडीच वर्षं हे असं चाललं. एवढी मोठी बाई, पाच वक्ताची नमाजी, आणि स्वतःच्या घरात करवंटी पदराखाली लपवून आणायची. मला हसू यायचं. तेव्हा यायचं.

राख माझ्या पोटात बसू लागली. आमच्या भागात भात रोजचा. त्याची पेज गाळली की ती सिंकात. जुम्म्याला मटणाच्या पातेल्याची चरबी. राख, पेज, चरबी, वर शेंडीचे बारीक धागे. गवंड्यालाही जमणार नाही असा गिलावा पाईपाला आतून चढत गेला. सिंकच्या तोंडाशी एक जाळी होती. त्या जाळीत अडकलेले शेंडीचे धागे संध्याकाळी इरफान यायच्या आत कुणीतरी वेचून टाकलेले असत. मला वाटायचं, गुलजारबीच आपला माग पुसते.

दोन हजार एक सालचा मे महिना होता. बुधवारी संध्याकाळी इरफान कामावरून आला, त्यानं सिंकात हात धुतले आणि काळं पाणी खाली जाण्याऐवजी वर आलं. त्यानं हाताचा पंजा दाबून बघितला. दुकानातून आणलेली ब्रेकची तार घालून बघितली. पाणी हटेना.

"काय टाकलंय ह्यात?" त्यानं विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. कुणी काही म्हणायच्या आत गुलजारबी बोलून गेली, "भाताची शितं गेली असत्याल. पोरीचं ध्यान मशीनवर. ताटं झाडत न्हाई नीट."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. इरफान दिवसभर उन्हात टायर उचलून आलेला. तो मेहनाजवर उखडला. "किती वेळा सांगायचं गं तुला? एवढं आणून बसवलं, ते वापरायची अक्कल नको का?" मेहनाज खाली बघत "व्हय" एवढंच म्हणाली. तिनं एकदा सासूकडे बघितलं. सासूनं पदर सारखा केला आणि लसूण सोलायला घेतला.

"उद्या सांजंला येऊन बाटलीच उघडतो," इरफान म्हणाला. "आत काय अडकलंय ते बघतोच."

हे वाक्य त्या घरात दोघींनी ऐकलं. दोघींच्याही मनात त्यानं घर केलं. पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

गुरुवारी सकाळी इरफान गेल्यावर मेहनाज शिवलेले ब्लाऊज द्यायला बाजारपेठेत गेली. घरात गुलजारबी एकटी. सिंकात तुंबलेलं पाणी रात्रभरात झिरपून उतरलं होतं. तिनं शिडी लावली. ज्या गुडघ्यांसाठी ओटा बांधला होता, त्या गुडघ्यांनी ती पोटमाळ्यावर चढली आणि झाकणाला मेण लावलेला पत्र्याचा एक डबा घेऊन उतरली. त्यात कॉस्टिक सोडा होता. हाफिजभाई कल्हईच्या आधी तेलकट भांडी त्याच्या पाण्यात बुडवायचा. वर्षांचा मळ घटकेत सुटायचा. पण त्या पाण्याला त्यानं कधी बोट लावलं नाही, चिमट्यानंच भांडं धरायचा. बायकोला सांगून ठेवलेलं होतं, "गुलजार, हे आधी बुळबुळीत लागतं, मंग खातं."

हे सगळं तिला पाठ होतं. म्हणूनच तिनं हात न लावता लोखंडी पळीनं कॉस्टिक माझ्या तोंडात सोडलं. एक पळी, दुसरी, तिसरी. वरून किटलीभर उकळतं पाणी. तिला वाटलं, जे हंड्यांचा मळ खातं ते पाईपातली राखही खाईल, पाणी वाहू लागेल, बाटली उघडायची पाळीच येणार नाही आणि तिची लबाडी भिंतीपलीकडे वाहून जाईल.

कॉस्टिकनं चरबी खाल्ली, पण राख खाल्ली नाही. चरबीचा साबण झाला आणि राखेत घट्ट बसला. पाईप होता त्याहून पक्का बंद झाला. आणि ते पाणी कुठे जाणार? थोडं झिरपलं, बाकीचं राहिलं माझ्यात, तोंडापर्यंत भरून. माझं पोट असं तापलं की प्लास्टिक मऊ पडलं, आटे ढिले झाले. गुलजारबी कान लावून बसली होती. गुळगुळ आवाज काही येईना. तिनं डबा परसात बंबाच्या सरपणामागे लपवला, पळी मातीत घासून धुतली आणि दारात बसून तांदूळ निवडायला घेतले.

तासाभरानं मेहनाज आली. आल्या आल्या सिंकात डोकावली.

"अम्मा, पाणी उतरलंय की. म्या बाटली उघडते आता."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"सावळारामकाका बसवत व्हते तवा बघितलंय. खाली बादली धरायची आन् वाटी फिरवायची."

"राहू दे. इरफान बघंल सांजंला."

"त्यांनी कशाला? ते यायच्या आत उरकून टाकते," मेहनाज म्हणाली. तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, बादली घेतली आणि ओट्याखाली वाकली.

मित्रांनो, माझ्यासमोर तेव्हा दोन चेहरे होते. एक जवळ, घामेजलेला, तरुण. दुसरा लांब दारात, सुपावर वाकलेला. 'त्यात कॉस्टिक आहे, हात घालू नकोस.' एवढंच बोलायचं होतं. गुलजारबीचं तोंड उघडलेलं मी बघितलं. पण त्या वाक्याच्या मागोमाग प्रश्न आला असता, कॉस्टिक कशाला? मग राख. मग जबान. मग कालची शितं. ते तोंड मिटलं. निवलं असेल आतापर्यंत, निघून गेलं असेल थोडंफार, असं तिनं स्वतःला सांगितलं. लबाडीला असं एखादं 'असेल बहुतेक' नेहमी लागतंच.

आणि मी? तिला नावं ठेवायला मला जागा नाही. मेहनाजनं वाटीला हात घातला. पहिल्या पिळाला मी दाद दिली नाही. तशीच राहिले असते तर ती कंटाळून उठली असती. सांडशी आणू का, असं पुटपुटलीसुद्धा. पण माझ्या पोटात आग पडली होती. तिची बोटं पुन्हा फिरली तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! एकदाची सुटका होईल असं वाटलं. ती कुणाच्या हातावर होईल, याचा विचार माझ्या मनात आला नाही. मी आटे सोडले.

सगळं पाणी तिच्या उजव्या हातावरून गेलं, बोटांपासून कोपरापर्यंत, आणि मग बादलीत पडलं. ती लगेच ओरडली नाही. हात झटकून म्हणाली, "अम्मा, पाणी गरम हाय. आन् बुळबुळीत कसं लागतंय ओ हे?"

गुलजारबीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ते वाक्य ऐकून ती हलली नाही. किती वेळ? एक तांब्या भरायला लागेल इतका. तेवढा वेळ जगात फार थोडा असतो, पण कॉस्टिकला पुरतो. मग मेहनाजनं किंकाळी फोडली.

सूप उडालं, तांदूळ घरभर झाले. ती गुडघेदुखीची बाई कशी उठली ते तिलाच ठाऊक. तिनं सुनेला मोरीत ओढलं आणि पिंपातलं पाणी तांब्यावर तांब्या तिच्या हातावर ओतायला सुरुवात केली. किंकाळी ऐकून रतनबाई धावत आली. हात बघून उलट्या पावली घरी पळाली आणि टूथपेस्ट घेऊन आली. "व्हा बाजूला. गरम पाण्यानं पोळलंय, पेस्ट लावते. थंड पडंल."

बघा मित्रांनो, किती सोपी वाट होती. गरम पाण्यानं पोळलं, असं रतनबाई स्वतःच म्हणत होती. नुसतं गप्प बसलं तरी गुलजारबी सुटली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आता गप्प बसलं तर हात जाणार होता.

"लावू नगंस!" ती ओरडली. "काय बी लावू नगंस! कॉस्टिक हाय त्ये. म्या वतलंय. निस्तं पाणी आण, रतन. तुझ्या घरातलं समदं आण."

रतनबाईनं पेस्ट खाली टाकली आणि हंडे आणले. पिंप संपलं. मग पिण्याचा रांजण. "म्या वतलंय, म्या वतलंय," असं पुटपुटत गुलजारबी ओतत होती, आणि मेहनाज दात आवळून तिच्या खांद्यावर डोकं टेकून होती. मधल्या वेळात रतनबाईनं एसटीडी बूथवरून कापूरहोळला फोन करून इरफानला निरोप दिला. मग ओला टॉवेल गुंडाळून सासू-सून दोघी रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेल्या. मी वाटीवाचून लोंबकळत राहिले. खाली बादलीत माझ्या पोटातलं पाणी होतं, आणि तळाला राख.

इरफान परस्पर तिकडेच गेला, आणि संध्याकाळी तिघं परत आली. मेहनाजच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. भरपूर पाणी घातलं म्हणून हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले होते. इरफान घाबरलेला होता आणि घाबरलेली माणसं ओरडतात. "तुला कुणी सांगितलं व्हतं उघडायला? म्या येतो म्हणलो व्हतो का न्हाई?"

"तिला बोलू नगं," गुलजारबी म्हणाली. ती उंबऱ्यातच उभी होती, आत आली नव्हती. "राख म्या टाकली. कॉस्टिक म्या वतलं. ती उघडाय बसली तवा म्या हितं बसले व्हते. सांगितलं न्हाई तिला."

इरफाननं बादलीत बघितलं. राख आणि शेंडीचे धागे. "जबान दिली व्हतीस, अम्मा. आन् काल म्या हिला अक्कल काढून बोललो, तवा बी तू हितंच व्हतीस."

"व्हय. व्हते."

तो पुढे काहीतरी कठोर बोलणार होता. मेहनाजनं त्याला डाव्या हातानं थांबवलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय ठावं व्हतं?"

"राखंचं. पयल्यापासनं." ती सासूकडे न बघता बोलत होती. "मशीन थांबलं की अम्मांचं घासणं थांबायचं. आर्धंच राहायचं. म्हून म्या मशीन थांबवतच न्हवते. शिवायचं काय नसलं तर चिंध्यावर शिलाई मारत बसायचे. जाळीतली शेंडी बी मीच काढायचे रोज."

"मंग आज उघडली कशाला?"

"तुमी उघडली असती तर राख दिसली असती तुमाला. अम्माला बोलला असता. मला वाटलं, तुमी यायच्या आत काढून टाकावी."

गुलजारबी उंबऱ्यात खाली बसली. मग तिनं जमिनीवर सांडलेले सकाळचे तांदूळ एकेक करून वेचायला घेतले. वेचता वेचता ती रडत होती, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. अडीच वर्षं जिच्यापासून ती करवंटी लपवत होती, तीच पलीकडच्या खोलीत बसून तिच्यासाठी रिकामं मशीन चालवत होती. ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. मी तर सिंकच्या बुडाशी होते, जाळीत शिरणारी बोटं मला रोज दिसत होती. कुणाची ते मी कधी नीट बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सावळाराम आला. त्यानं पाईपातून मुठीएवढा गोळा काढला आणि कपाळाला हात लावला. माझे आटे बघून "आता ही घट्ट बसायची न्हाई," म्हणाला, पण दोरा गुंडाळून मला पुन्हा लावलं. उरलेलं कॉस्टिक इरफाननं दुसऱ्या एका कल्हईवाल्याला देऊन टाकलं.

मेहनाजला तीन महिने सुई धरता आली नाही. लग्नसराईचे ब्लाऊज घरात पडून होते. ते परत द्यायला गुलजारबी स्वतः दारोदार गेली. कुणी कारण विचारलं नाही तरी सांगायची. तीन महिन्यांनी मेहनाज मशीनवर बसली, पण करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट पूर्वीसारखं वळेना. बारीक हातशिलाई तिनं सोडून दिली. ती परत कधी धरली नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या ओट्याखाली होते. दर गुरुवारी गुलजारबी बादली घेऊन माझ्यापुढे बसायची. मेहनाजला ती वाटीला हात लावू देत नसे. आणि उघडण्याआधी दर वेळी मोठ्यानं सांगायची, "मेहनाज, आज आत काय टाकलेलं न्हाई हां. निस्तं पाणी हाय." आतल्या खोलीतून "व्हय अम्मा" असा आवाज यायचा, मग ती वाटी फिरवायची. राखेची करवंटी तिनं फोडून टाकली होती. डेगचीची चकाकी गेली. कुणी ते बोलून दाखवलं नाही.

दोन हजार सात साली मी गळायला लागले. इरफाननं नवी बाटली आणली आणि मला भंगारात टाकायला काढलं. गुलजारबीनं मला त्याच्या हातातून घेतलं, धुतलं आणि कॉस्टिकच्या रिकाम्या डब्याशेजारी पोटमाळ्यावर ठेवलं. आठवण म्हणून नव्हे. विसर पडू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही घरी ओट्याखाली माझी एखादी बहीण लटकत असेल. तिच्यात राख, पेज, चरबी टाकू नका. ताटं झाडून घ्या, जाळी साफ ठेवा, आठवड्यातून एकदा खाली बादली धरून ती उघडायला घरातल्या मोठ्यांना सांगा. तुंबलेल्या सिंकात कुणी काही ओतलं असेल, तर विचारल्याशिवाय हात घालू नका. आणि तुम्हीच काही ओतलं असेल, तर ते कुणी विचारायची वाट बघू नका. ओरडा खावा लागेल, खा. ओरडा संध्याकाळपर्यंत विरतो. मी त्या दिवशी आणखी एक पीळ धरून राहिले असते, आणि दारातली ती बाई एक वाक्य बोलली असती, तर आज मला तुम्हाला सांगण्यासारखं काहीच नसतं.

खालचं बोलणं मला पोटमाळ्यावर ऐकू येतं. मेहनाजच्या हातावर करंगळीपासून कोपरापर्यंत पांढरट वण आहे. ब्लाऊज शिवायला येणारी एखादी नवी बाई तो बघते आणि विचारतेच, "हे काय झालं गं?" मेहनाज अजूनही तेच उत्तर देते, "काय न्हाई, तेल उडालं व्हतं."

गुलजारबी आता फारशी उठत नाही. नजर अधू झाली आहे, पण कान शाबूत आहेत. कितीही झोपेत असली तरी आतल्या खोलीतून तिचा आवाज येतो.

"तेल न्हाई, बाई. म्या केलंय त्ये."